भरलेली तार

खोटं बोलता न येणाऱ्या माणसांचा मला आयुष्यभर राग येत आलाय, आणि तसल्याच एका माणसाचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्याचं नाव ओदिनाशो. आमच्या वोरदारा गावच्या शाळेत तो फिजिक्स शिकवायचा. उंच, काटकुळा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी गावच्या दवाखान्यातली नर्स, सुईणही मीच, आणि डॉक्टर कधी आलाच नाही म्हणून डॉक्टरही मीच. नाव साव्सानमो, पण गावात लहानथोर सगळे मला आपा म्हणतात. एकदोन म्हातारे तेवढे 'पोरी' म्हणायचे, तेही आता राहिले नाहीत.

देश मोडला त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्याची ही गोष्ट. खाली सपाटीवर युद्ध चाललं होतं आणि वर आमच्या डोंगरात येणारे रस्ते बंद होते. गावचं जनरेटर डिझेलवाचून गंजत पडलेलं. गिरणीपासून माझ्या दवाखान्यापर्यंत दीड किलोमीटर खांब उभे होते, खांबांवर तार होती, आणि तारेचा उपयोग फक्त कावळ्यांना होता. गव्हाचं पीठ संपलं तेव्हा लोकांनी वाळलेल्या तुती कुटून त्यांचं पीठ खायला सुरुवात केली. ते गोड लागतं, पहिले चार दिवस. नंतर बायकांना चक्कर येते आणि पोरांची पोटं फुगतात.

त्याच्या आदल्या हिवाळ्यात झारिफमो बाळंतपणात माझ्या हातांत गेली. नियोझमामाद बोबोंची थोरली सून; बोबो म्हणजे आजोबा. मूल झालं, रडलं, आणि मग तिचं रक्त थांबेना. रॉकेल नव्हतं. बकऱ्याच्या चरबीत वात बुडवून लावलेली, तिचा धूर जास्त आणि उजेड कमी. कुठे फाटलंय तेच मला दिसेना. मी बोटांनी चाचपत राहिले आणि ती माझ्याकडे बघत बघत थंड झाली. त्यानंतर गावात कुणी मला एका शब्दाने बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

बोबो गावचे मीराब होते. मीराब म्हणजे पाटाच्या पाण्याच्या पाळ्या लावणारा. आमच्याकडे डोंगरातून येणारा एकच पाट, आणि त्यावर साठ घरांची शेतं. कुणाच्या शेतात पाणी किती वेळ, आधी कोण, नंतर कोण, हे बोबो ठरवायचे. त्यांच्या दारावर कधी भांडण गेलं नाही, कारण त्यांनी स्वतःच्या शेताला कधी एक मिनिट जास्त घेतलं नाही. पाटाच्या दाराला त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, गिरणीवाल्यानेसुद्धा नाही.

ओदिनाशो मास्तरने उन्हाळाभर एक उद्योग केला. बंद पडलेल्या पंपाची मोटर गाढवावर लादून गिरणीत नेली. पाण्याच्या चाकाला पट्टा लावला, पट्टा मोटरीला लावला, कुठूनकुठून कपॅसिटर जमवले. मोटर वीज खाते, पण तिला बाहेरून फिरवली तर ती वीज देते, असं त्याचं म्हणणं. फार नाही, पाच-सात दिवे लागतील इतपत. पहिला दिवा दवाखान्यात, हे त्याने आधीच ठरवलं होतं. मी त्याला म्हटलं, "मास्तर, हे जमलं तर मी तुझ्या पाया पडेन." तो म्हणाला, "नको आपा, चष्म्याला दुसरा दोरा दे."

आता राहिलं पाणी. हिवाळ्यात बोबो पाटाला पाणी सोडायचे ते दिवसातून दोन तास, दळणापुरतं. जास्त सोडलं की काठावर बर्फ धरतो आणि बांध फुटतो. म्हणून बोबोंच्या घरी बैठक भरली. छताच्या झरोक्यातून उजेड येत होता, त्याखाली सगळे पुरुष आणि बायकांच्या बाजूला मी. आणि तिथेच खुदोनाझारने तोंड उघडलं. खुदोनाझार एकेकाळचा गोदामवाला. त्याच्याकडे एक व्यापारी खेचरं हाकत आडवाटेने येऊन गेला होता. खांबांवरची तार उतरवून दिली तर पिठाची पोती द्यायला तयार होता. चांगलं पांढरं पीठ.

"पोती!" खुदोनाझार म्हणाला. "तीन दिवसांनी तो परत येतोय. पोरं तुती खाऊन खाऊन पिवळी पडलीत, आणि आपण डोक्यावर अॅल्युमिनियम वाळत घातलंय."

सगळ्यांच्या पोटात तेच होतं.

बोबो म्हणाले, "आधी मास्तरचं ऐकू. मास्तर, मला सांग. पहिलं पाणी सोडलं की शेपटाच्या, पाटाच्या पार टोकाच्या शेतात पोचायला दीड दिवस लागतो. ती पाण्याची वाट. ती मी कुणाच्या पाळीत धरत नाही. पाणी बांधावर आलं की तिथून पाळी सुरू, ही माझ्या बापाची रीत. दवाखाना पार शेपटाला आहे. मी दोन तास पाणी देणार, त्यातला किती वेळ तुझ्या करंटच्या वाटेत जाणार?"

बघा, वीज म्हणजे काय ते न कळणारा माणूस, पण प्रश्न किती नेटका. शेपटाच्या माणसावर अन्याय नको, एवढंच त्यांना बघायचं होतं.

"वाटेत वेळ जात नाही बोबो. लगेच," मास्तर म्हणाला.

"लगेच म्हणजे? चहा उकळेस्तोवर?"

"बटण दाबलं की दिवा लागला."

खुदोनाझार हसला आणि चपानच्या, अंगातल्या लांब डगल्याच्या, खिशातून त्याने वही काढली. "माझ्या शिरिनमोची वही. मास्तरांनीच शिकवलंय. ऐका: तारेतून इलेक्ट्रॉन नावाचे कण सरकतात, त्यालाच करंट म्हणतात. आपल्या गावच्या जाड तारेत ते तासाला अर्ध्या बोटाच्या जाडीएवढे सरकतील. पोरीने पुढे गणित केलंय. गिरणी ते दवाखाना, दीड किलोमीटर. एकवीस वर्षं!"

जो हशा पिकला तो अजून माझ्या कानात आहे. कुणीतरी म्हणालं, "तोवर आपाच्या हातची पोरं लग्नाला येतील." दुसरा म्हणाला, "बोबो, एकवीस वर्षं कुणाच्या पाळीत धरणार?"

मी बायकांच्या बाजूने मास्तरकडे डोळे वटारून बघत होते. म्हण की पोरीने चुकीचं लिहिलं. म्हण आणि मोकळा हो.

"तिचं गणित बरोबर आहे," मास्तर म्हणाला. "मीच तपासलंय."

झालं. पुढे खुदोनाझारला जोर चढला. "आणि हे बघा, चित्र काढलंय. करंटचा बाण या बाजूला, इलेक्ट्रॉनचा बाण त्या बाजूला! मास्तर, तुमची वीज येते की जाते?"

"बाण आधी काढला गेला," मास्तर शांतपणे सांगू लागला, जणू समोर सातवीचा वर्ग बसलाय. "काय सरकतं ते तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. लोकांनी ठरवून टाकलं की करंट प्लसकडून मायनसकडे जातो. पुढे इलेक्ट्रॉन सापडले, तर ते मायनसकडून प्लसकडे निघाले. पण बाण उलटा असला तरी गणित चुकत नव्हतं. म्हणून तो तसाच ठेवला."

"म्हणजे चूक कळली तरी बदलली नाही?"

"नाही बदलली."

"वा! आमच्या सरकारसारखंच."

इथे तरी त्याने थांबावं की नाही? नाही थांबला. "आणि हे बॅटरीचं झालं," तो म्हणाला. "बॅटरीत ते एकाच दिशेने जातात. आपल्या मोटरीतली वीज तशी नाही. तिच्यात ते सेकंदाला पन्नास वेळा पुढे आणि मागे होतात, जागच्या जागी. खरं सांगायचं तर गिरणीतला एकही इलेक्ट्रॉन दवाखान्यात कधीच पोचणार नाही."

आता कुणी हसलं नाही. बोबोंनी दाढीवरून हात फिरवला. "आधी एकवीस वर्षं म्हणालास. आता कधीच नाही म्हणतोस."

"पण बोबो, पोचायची गरजच नाही! तार काही रिकामी नसते, ती आधीपासूनच भर—"

पुढचं कुणी ऐकलं नाही. स्वतःच्या पायावर इतका मोठा धोंडा पाडून घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तीन दिवसांनी तार उतरवायची, असं ठरलं. बोबोंनीच ठरवलं, आणि ठरवताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

परतताना मी मास्तरला रस्त्यात गाठलं. "एक 'लगेच' बोलून गप्प बसता आलं नाही तुला?"

"आपा, त्या पोरीने पानभर गणित बरोबर केलं होतं. सगळ्या गावासमोर तिला खोटी पाडू?"

"हो ना! माझी बाळंतीण मेली तर चालेल, तुझ्या शिरिनमोचं गणित जगलं पाहिजे!"

तो चष्मा काढून पुसत उभा राहिला. त्याच्या मनगटाची हाडं किती वर आलीत ते मला तेव्हा दिसलं, पण रागाच्या भरात मी त्याचा विचार केला नाही. आपला राग आपल्याला आंधळं करतो, त्याला धुराची वात लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोबो धाकट्या सुनेला घेऊन दवाखान्यात आले. गुलचमान. सातवा संपत आलेला. तीन दिवस पोटात काही ठरत नव्हतं, ओठ सुकून फाटलेले. माझ्याकडे सलाइनच्या दोन बाटल्या उरल्या होत्या, त्यातली एक मी काढली. बोबो कोपऱ्यात काठी धरून बसले.

"पोरी," ते म्हणाले, "तार उतरवायची म्हणून तू माझ्यावर चिडली असशील."

"चिडू नको तर काय करू? ही आणखी दोन महिन्यांनी बाळंत होणार. मी कशात बघू, तुमच्या दाढीच्या उजेडात?"

"साठ घरांना पीठ हवंय. माझ्या घरात पोटुशी आहे म्हणून मी बाकीच्यांचं पीठ अडवू? लोक काय म्हणतील, मीराबाने स्वतःच्या शेताला पाणी वळवलं."

एवढं मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

नळीत हवा राहिली की जिवाला धोका, म्हणून आधी नळी भरून घ्यायची असते. मी चिमटा सोडला. पाणी नळीतून हळूहळू खाली उतरत होतं आणि बोबो बघत होते.

"किती वेळ लागतो?" त्यांनी विचारलं. सवयच ती.

"रिकामी असते तोवर लागतो. एकदा भरली की—" मी चिमटा बंद केला, पुन्हा सोडला. वर चिमटा सुटला आणि त्याच क्षणी खाली सुईच्या टोकातून थेंब पडला. मी पुन्हा बंद केला, पुन्हा सोडला. पुन्हा थेंब.

हे मी वीस वर्षं रोज करत आले होते. पण त्या सकाळी थेंब पडला आणि माझ्या हातातली सुई तशीच राहिली. मास्तर जे बोलत होता आणि ज्यावर सगळे हसले, ते हेच होतं.

"बोबो," मी म्हटलं, "बाटलीतलं पाणी खाली यायला किती वेळ लागला?"

"ओतलेला चहा निवेल एवढा."

"आणि हा आत्ता पडला तो थेंब, तो बाटलीतला होता का?"

त्यांनी काठी बाजूला ठेवली. जवळ आले. "नाही. तो खालीच होता. नळीत, सुईच्या तोंडाशी."

"वरचं वरच राहिलं आणि खालचा थेंब लगेच पडला. नळी भरलेली होती म्हणून. मास्तर काल तेच ओरडत होता, तार रिकामी नसते! माझ्या दिव्याला लागणारे ते कण दिव्याच्या दाराशीच बसलेत. गिरणीतले कशाला यायला हवेत?"

"तार कुणी भरली?"

"कुणी नाही. मास्तर म्हणतो तार म्हणजेच ते. जशी ओली माती. पाणी काढून टाकलं तर ती चिखल राहत नाही."

मी गुलचमानला सुई लावली. ती बिचारी म्हणाली, "आता मला तरी भरू द्या."

"आणि ते पुढे-मागे?" बोबोंनी विचारलं. "जागच्या जागी हललं तर काम कसलं होणार?"

याचं उत्तर मला येत नव्हतं. पण ते स्वतःच पुटपुटले, "करवत." हवेतच त्यांनी ती पुढेमागे ओढली. "दोघं धरतात ती मोठी करवत. पुढे जाते, मागे येते, कुठे जात नाही. ओंडका मात्र कापला जातो." मग त्यांनी काठी उचलली, सुनेच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "उद्या बघू. पण माझ्या रीतीने."

त्यांची रीत म्हणजे पाण्याची वाट मोजायची रीत. वसंतात पहिलं पाणी सुटलं की दर पाचव्या छतावर एक माणूस उभा राहतो. वरचा ओरडतो 'सुटलं!' आणि तो आवाज छतावरून छतावर उड्या मारत शेपटाला येतो. पाण्याच्या कितीतरी आधी येतो. त्यावरून शेपटाची माणसं फावडी काढतात. आमच्या गावात आवाजापेक्षा आधी पोचणारं काही कुणी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलेलं, माझ्या खोलीत समोरच्याचं तोंड धड दिसेना. बोबोंनी पाटाचं दार स्वतः उघडलं, चाक फिरायला लागलेलं पाहिलं आणि मग दीड किलोमीटर बर्फातून चालत खाली आले. दिव्याखाली स्टूल टाकून बसले. शेजारी खुदोनाझार, कारण त्याच्यासमोर झालेलं कुणी खोटं म्हणणार नाही. दारात माणसंच माणसं. छतावरच्या माणसाने चपान हलवून वर इशारा केला की बोबो बसले. मास्तर गिरणीत, बटणापाशी; त्याने बटण दाबलं की त्याच क्षणी गिरणीवरचा माणूस ओरडणार. तिथून त्याला माझी खोली दिसत नव्हती आणि मला त्याचं तोंड.

खोटं कशाला बोलू, माझा विश्वास उडाला होता. सलाइनचं काय, ती माझ्या हातातली. ही तार दोन हिवाळे बर्फवाऱ्यात टांगलेली. कुठे तुटली असेल, मोटर जळेल. मी दिव्याकडे बघायचं टाळत बोबोंच्या हातांकडे बघत होते. ते हात गुडघ्यावर गच्च धरलेले होते.

आणि ते हात मला दिसायला लागले. नखांतली माती दिसली, अंगठ्यावरचा जुना व्रण दिसला. मी मान वर केली. दिवा लागलेला. पिवळा, जरा थरथरणारा, पण लागलेला.

मग लांबून, वरून, छतांवरून आवाज यायला लागला. आधी बारीक, मग जवळ, मग आमच्याच छतावरचा माणूस बेंबीच्या देठापासून ओरडला, "सुटलंऽऽ!"

"आता ओरडतोय गाढव," खुदोनाझार म्हणाला. "बोबो, दिवा आधी."

"पाहिलं मी."

बाहेर लोक ओरडत होते, हसत होते. बोबो मात्र उठले नाहीत. दिव्याकडे बघून डोळ्यांत पाणी येत होतं, त्यांनी ते पुसलं नाही. मग हळूच, मला एकटीला ऐकू जाईल असं विचारलं, "पोरी, गेल्या वर्षी हा असता, तर झारिफमो राहिली असती?"

'हो' म्हटलं तर त्यांचं समाधान आणि 'नाही' म्हटलं तर माझी सुटका, अशी दोन्हीकडे सोय होती. पण त्या खोलीत तो उजेड एका अशा माणसाने आणला होता ज्याला सोय बघता येत नव्हती. माझ्याने खोटं बोलवेना.

"माहीत नाही बोबो. कदाचित नसती राहिली. पण कुठून रक्त येतंय ते मला दिसलं असतं. मी काहीतरी करत होते असं तरी झालं असतं."

त्यांनी मान हलवली. वर्षभर आमच्या दोघांत जे होतं ते त्या दिवशी बोलून झालं.

खुदोनाझार दारात जाऊन म्हणाला, "तार राहू दे. व्यापाऱ्याला सांगतो, मास्तर इलेक्ट्रॉन मोजून घेतोय, एकवीस वर्षांनी ये." ज्याने वही काढली त्यानेच हे म्हणावं! मी त्याला त्या दिवशी शेवटचा सुका जर्दाळू दिला. आणि पीठ गेलं. पोरं वसंतापर्यंत तुतीच खात राहिली, हेही सांगितलं पाहिजे. कुणी तक्रार केली नाही असंही नाही.

दिवस भरायच्या आधीच गुलचमानला कळा सुरू झाल्या. बाहेर हिमवादळ, दिवेलागणीची वेळ. बोबोंनी दाराचा बर्फ फोडून पाणी सोडलं आणि मास्तर गिरणीत पट्ट्यापाशी बसून राहिला. मुलगी झाली, मुठीएवढी, पण आवाज केवढा! आणि मग तसंच, अगदी गेल्या वर्षासारखं, रक्त. पण मी वाकून बघितलं आणि मला दिसलं. डाव्या बाजूला, आत, बोटाच्या पेराएवढी चीर, तिथून धार. चिमट्याने धरली, टाके घातले. चार टाके. धार थांबली. मग मी खाली जमिनीवर बसले आणि मोठमोठ्याने रडले. गुलचमानच मला म्हणाली, "आपा, बाळंत मी झालेय की तुम्ही?"

वसंतातला नव्या वर्षाचा सण, नवरोझ, झाला, बर्फ वितळला. आमच्याकडे वर्षाचं पहिलं पाणी कुणाच्या शेतात जायचं ते मीराब ठरवतो. ज्याच्या पायगुणाने गावाचं बरं झालं त्याच्या शेतात ते जातं, त्याहून मोठा मान गावात नाही. त्या सकाळी सगळं गाव पाटाच्या दारापाशी उभं असताना बोबो म्हणाले, "पहिलं पाणी ओदिनाशो मास्तरच्या शेतात."

मास्तरचं शेत म्हणजे दगडांत अडकलेला एक पट्टा, पार शेवटी. लोकांनी 'बरोबर, बरोबर' केलं. मास्तर मात्र पुढे येईना. चष्मा काढला, पुन्हा लावला.

"बोबो, दुसऱ्या कुणाला द्या," तो म्हणाला. "पाणी वाया जाईल."

"का वाया जाईल?"

आता इथे तरी माणसाने काही सांगून वेळ मारून न्यावी. पाय दुखतोय, नांगर मोडलाय, काहीही. पण मास्तरच तो.

"पेरायला बी नाही. हिवाळ्यात खाल्लं."

पिठाची पोती समोर असताना तार ठेवा म्हणणारा हा माणूस घरी स्वतःचं बियाणं भाजून खात होता. बैठकीत तो उभा होता तेव्हा त्याच्या पोटात काय होतं? आणि मी त्याला रस्त्यात गाठून काय बोलले होते? मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

बोबोंनी डोक्यावरची टोपी काढली, उलटी केली आणि आपल्या बियाण्याच्या पिशवीत हात घातला. एक मूठ टोपीत टाकली आणि टोपी शेजारच्याकडे दिली. त्या वर्षी एकेक दाणा मोजून ठेवलेला होता प्रत्येक घरात. टोपी फिरली. कुणी मूठ टाकली, कुणी अर्धी, एका म्हातारीने चिमूटभर टाकली आणि तोंड फिरवून घेतलं. खुदोनाझारने टाकली, त्याच्या शिरिनमोने आपल्या वाट्याची वेगळी टाकली. टोपी दोनदा भरली, तेव्हा गुलचमानने पाठीवरच्या पोरीची शाल सोडून पुढे धरली.

मास्तर म्हणत होता, "नको, अहो नको, तुम्हाला पुरणार नाही," आणि ते खरंच होतं, पुरणार नव्हतं. पण त्या दिवशी त्याचं खरं कुणी ऐकलं नाही. माझ्या घरी सासूने चुलीमागच्या कोनाड्यात जव लपवले होते, ते मी धावत जाऊन सगळे घेऊन आले. शालीत ओतताना मी म्हटलं, "मास्तर, आता गप्प बस आणि घे." त्याने घेतलं. बोबोंनी पाटाचं दार उघडलं.